घंटीवरचं आडनाव

व्हेनिसमध्ये आम्ही आठवडाभरासाठी घर घेतलं होतं ते कास्तेल्लो भागात, आर्सेनालेच्या, म्हणजे जुन्या जहाजगोदीच्या, मागच्या बाजूला. जाहिरातीतल्या फोटोत एक अरुंद गल्ली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर चादरी, गंजीफ्रॉक आणि टेबलावरची कापडं वाळत घातलेली. खाली लिहिलं होतं, 'इथल्या माणसांसारखं राहा.' तो फोटो पाहूनच मी घर पक्कं केलं. पोचल्यावर घराच्या नियमांचा कागद हातात आला, त्यातला तिसरा नियम असा की खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत. आमच्या खिडकीबाहेर लोखंडी कप्पी होती, पण दोरी काढून टाकलेली. फोटोतले कपडे समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे होते. अख्ख्या गल्लीत दोरी असलेली तेवढी एकच खिडकी उरली होती.

खाली दाराशी घंट्यांची पितळी पाटी होती. सहा घंट्यांपैकी चारांवर नुसते आकडे. आमच्या घंटीवर मात्र एक आडनाव होतं, अक्षरं झिजलेली, पण वाचता येत होतं. त्या आडनावाचं कुणी आता तिथे राहत नव्हतं. पाटी बदलायची राहून गेली होती, एवढंच. रोज किल्ली फिरवताना नजर त्या नावावर जायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला तिथे उभं राहणं जड जायला लागलं.

आपल्याकडे आता प्रवास करणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला आहे, मी त्यातलीच. आम्ही टूरबरोबर जात नाही. आम्ही घर घेतो, बाजारातून भाजी आणतो, कोपऱ्यावरच्या टपरीत कॉफी पितो आणि परतल्यावर सांगतो की आम्ही तिथल्यासारखे राहिलो. टूरच्या बसमधून उतरून, छत्री उंच धरलेल्या गाइडच्या मागे दोन-चार तास फिरून परत जाणाऱ्यांविषयी आम्हाला जरा कीवही वाटते. व्हेनिसला जाऊन आल्यापासून माझं मत साफ उलटलं आहे. ज्या शहराच्या अंगावर आधीच पर्यटनाचा भार आहे, तिथे 'स्थानिकांसारखं राहण्या'चा आमचा हट्ट त्या बसमधल्या माणसापेक्षा जास्त नुकसान करतो. तो माणूस संध्याकाळी निघून जातो. आम्ही कुणाच्या तरी घरात राहतो.

आधी खाण्याबद्दल लिहिते, कारण आमचा सगळा ओढा तिकडेच होता.

व्हेनिसचं खरं खाणं बाकारोत मिळतं. बाकारो म्हणजे लहानशी दारूची दुकानं, लाकडी काउंटर, काचेखाली मांडलेल्या चिकेत्ती. पावाच्या चकत्यांवर किंवा भाजलेल्या पोलेंताच्या, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या, वड्यांवर काहीबाही घातलेले हे घासभर पदार्थ. सोबत छोटा पेला वाइन, त्याला म्हणतात ओंब्रा, म्हणजे सावली. संत मार्कच्या चौकातले वाइनवाले उन्हापासून वाचण्यासाठी मनोऱ्याची सावली सरकेल तसे आपले ठेले सरकवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही अशाच एका ठिकाणी उभे होतो. एक गृहस्थ आले, हातातल्या पिशवीतून आर्टिचोकचे देठ बाहेर डोकावत होते. त्यांनी काही मागितलं नाही. काउंटरवालीने पेला भरून पुढे केला, एक बाक्कालाची, म्हणजे घोटलेल्या सुक्या माशाची, चकती बशीत ठेवली, आणि बोलणं आदल्या दिवशी जिथे थांबलं असेल तिथून पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटांत ते गृहस्थ गेले. जाताना नाणी मोजली नाहीत, किती द्यायचे ते हाताला ठाऊक होतं.

बाक्काला मान्तेकातो हा पदार्थ कोकणच्या माणसाला लगेच कळेल. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोतेन बेटांवर थंड वाऱ्यात कॉड मासा वाळवतात, लाकडासारखा कडक होईपर्यंत. तो इथे आणून भिजवायचा, उकडायचा, आणि तेलाची धार धरत घोटत राहायचं, लोण्यासारखा पांढरा मऊ होईपर्यंत. १४३१ साली प्येत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज वादळात सापडलं आणि वाचलेले खलाशी त्या बेटांना लागले, तिथून हा सुका मासा व्हेनिसला आला असं इथे मानतात. सुक्या बोंबलावर पावसाळा काढणाऱ्यांना त्यात नवल वाटायचं कारण नाही. सार्दे इन साओर तर आणखीच ओळखीचं: तळलेल्या सार्डिनवर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे घालून दोन दिवस मुरवायचं. दर्यावर्दी लोकांचा टिकाऊ मासा. गोव्याच्या व्हिनेगर घातलेल्या माशांची चव ज्यांच्या जिभेवर आहे, ते हा पदार्थ पहिल्या घासाला आपला म्हणतील. शाकाहारी माणसालाही उपाशी राहावं लागत नाही. सांतेरास्मो बेटावरचे जांभळे आर्टिचोक वसंतात बाजारात येतात, त्यांचा पहिला कोवळा कळा इथे फार मानाचा. त्याला कास्त्राउरे म्हणतात.

पण या खाण्याची गंमत पदार्थात थोडी, आणि त्या गृहस्थांच्या दहा मिनिटांत जास्त आहे. रोज येणारं माणूस असतं म्हणून त्या काउंटरवरचा मासा ताजा असतो, भाव माफक असतो, आणि काउंटरवालीला खोटं हसावं लागत नाही. रोजचं गिऱ्हाईक हेच त्या दुकानाचं पाणी जोखणारं माप. आठवड्याभराने परत न येणाऱ्या माझ्यासारखीला काल उरलेलं खपवलं, तरी त्या दुकानाचं काय बिघडणार? रियाल्तोच्या पुलाजवळच्या बाकारोंत दुपारी गेलो तेव्हा काउंटरशी उभे असलेले सगळेच आमच्यासारखे होते, प्रत्येकाच्या हातात फोन. स्थानिकांसारखं खायला आलेली पन्नास माणसं आणि स्थानिक एकही नाही.

रियाल्तोच्या मासळी बाजाराचंही तेच. हा बाजार शेकडो वर्षांचा, रविवार-सोमवारी बंद असतो आणि उरलेले दिवस दुपारपर्यंत आटोपतो. लॅगूनमधली, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्यातली, करड्या रंगाची बारीक कोळंबी, कवच टाकलेले मऊ खेकडे, शिंपले, कटलफिश, सगळं बर्फावर मांडलेलं. चालायला जागा नव्हती एवढी गर्दी, आणि विक्रेता रिकामा. लोक फोटो काढत होते. मासळी विकत घ्यायला घर लागतं, चूल लागते, जेवणारी माणसं लागतात. पूर्वी गाळ्यांनी भरलेल्या त्या छपराखाली आता मधे मधे रिकाम्या जागा दिसतात. गर्दी कमी झाली म्हणून हा बाजार ओसरलेला नाही. बाजारहाट करणारी माणसं गेली म्हणून ओसरला आहे.

किती गेली? १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात, म्हणजे कालव्यांच्या बेटांवर, पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २००९ मध्ये हा आकडा साठ हजारांच्या खाली गेला तेव्हा रहिवाशांनी ग्रँड कॅनॉलमधून शवपेटी नेऊन शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. २०२२ मध्ये तो पन्नास हजारांच्याही खाली आला. रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक लावलेला आहे. २०२३ साली रहिवाशांच्या संघटनांनी हिशेब मांडला, तर पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त भरल्या. वर्षाकाठी येणाऱ्या पर्यटकांचे अंदाज दोन ते तीन कोटींचे आहेत.

हे सगळं पर्यटकांनीच केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६६ च्या नोव्हेंबरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं, तळमजले कायमचे नासले. पलीकडे मुख्य भूमीवर मार्गेराचे कारखाने होते, मेस्त्रेमध्ये कोरडी, लिफ्टची, दाराशी मोटार येणारी घरं होती. माणसं तिकडे गेली ती आपल्या सोयीने, आणि त्यांना नावं कोण ठेवणार? पण ती गेल्यावर रिकामी झालेली घरं नव्या कुटुंबांना मिळाली असती. ती मिळाली नाहीत, कारण तोवर त्या घरांना दुसरं, फार चढ्या भावाचं गिऱ्हाईक सापडलं होतं. ज्या घराचं महिन्याचं भाडं एखादी नर्स किंवा शाळामास्तर देऊ शकेल, तेच भाडं आमच्यासारखे चार-पाच रात्रींत देऊन जातात. घरमालकाने काय करावं?

शहराने उपाय केला तो वेशीवर जकात बसवण्याचा. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चारच्या दरम्यान शहरात येणाऱ्या आणि रात्री न राहणाऱ्या माणसाला पाच युरो भरावे लागू लागले. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते. २०२५ मध्ये ५४ झाले, आणि आधी नोंदणी न करणाऱ्याला दहा युरो. २५ एप्रिल हा संत मार्कचा दिवस, शहराचा सण. घरोघरी तांदूळ आणि कोवळ्या मटाराचं 'रीझी ए बीझी' करायचा दिवस. त्याच दिवशी रहिवासी या तिकिटाविरुद्ध रस्त्यावर उतरले. आमचं शहर प्राणिसंग्रहालय आहे काय, हा त्यांचा सवाल होता. मला तो सवाल शंभर टक्के पटतो. तिकीट लावलं की आत येणारा माणूस प्रेक्षक होतो, आणि आत राहणारा देखावा.

त्याहून मोठी खोट वेगळीच आहे. हे तिकीट चुकीच्या माणसाला पकडतं. रात्री राहणाऱ्याला ते माफ आहे, त्याने पर्यटक-कर भरला की झालं. म्हणजे जवळच्या पादोवा शहरात स्वस्त खोली घेऊन, अर्ध्या तासाच्या ट्रेनने येऊन, पिशवीतल्या डब्यातलं खाऊन परत जाणाऱ्या निवृत्त शिक्षक दांपत्याने पाच युरो भरायचे, आणि एका कुटुंबाच्या घरात आठ दिवस पाय पसरून राहिलेल्या माझ्याकडे शहराने चांगली पाहुणी म्हणून बघायचं. बाहेर राहून दिवसापुरते येणारे गर्दी करतात, हे खरंच आहे. दुपारी बारा वाजता रियाल्तोच्या पुलावर श्वास घ्यायला जागा नसते, भाजीची हातगाडी ओढत पूल चढणाऱ्या बाईला ती गर्दी नको होते. पण गर्दी चारला ओसरते आणि संध्याकाळी शहर त्या बाईला परत मिळतं. शेजारचं घर मात्र परत मिळत नाही.

समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींशी माझी गाठ अशाच हातगाडीमुळे पडली. दोन चाकांची कापडी गाडी, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि बटाटे. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या. मी गाडीचं खालचं टोक धरलं. पलीकडे उतरल्यावर त्या थांबल्या आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या, की हे काम पूर्वी खालच्या मजल्यावरचा मुलगा करायचा. आता तिथे दर तीन दिवसांनी नवी माणसं येतात. चांगली असतात, मदत करतात, 'थँक्यू' म्हणायच्या आत निघून जातात. मग त्यांनी बेकरीचं रिकामं दुकान दाखवलं. पावासाठी आता दोन पूल ओलांडून जावं लागतं. बेकरीशेजारी बूट शिवणारा होता, त्या जागी काचेचे मणी आणि मुखवटे विकतात. आजींना तक्रारीचा सूर नव्हता. वाटेवरच्या खुणा सांगाव्यात तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून शिंपले उकडताना, ज्या चुलीवर ते उकडत होते ती कुणाची, हा प्रश्न सुटेना.

यावर म्हणणारे म्हणतील की पर्यटन बंद केलं तर व्हेनिसने खायचं काय? पर्यटन बंद करा असं कुणीच म्हणत नाही, आजीसुद्धा नाहीत. व्हेनिसला पाहुणे शतकानुशतकं येताहेत. जर्मन व्यापाऱ्यांसाठी रियाल्तोच्या पायथ्याशी बांधलेली प्रचंड इमारत आजही उभी आहे, ते सगळे तिथेच उतरत, तिथेच माल ठेवत. पाहुण्याने उतरायची जागा आणि रहिवाशाचं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकाला नीट कळत होतं. हॉटेल, धर्मशाळा, मठातल्या खोल्या हे पाहुण्यांसाठीच असतात. प्रश्न फक्त घरांचा आहे, आणि तो कायद्याने सोडवता येतो. आम्स्टरडॅम हेही कालव्यांचंच शहर. तिथे राहतं घर वर्षातून ३० रात्रींपेक्षा जास्त पर्यटकांना देता येत नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटक-घरांचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. इटलीच्या संसदेने २०२२ मध्ये व्हेनिसला अशा घरांवर मर्यादा घालण्याचा खास अधिकार दिला होता. तो हातात असताना शहराने आधी तिकीट छापलं. तिकिटाने पैसे मिळतात आणि घरमालक दुखावत नाहीत, हे उघड आहे.

सांता मार्गेरिता चौकात एका भिंतीवर जुना संगमरवरी दगड बसवलेला आहे. कोणता मासा किमान किती लांबीचा असल्याशिवाय विकता येणार नाही, याची ती यादी. सार्डिन ७ सेंटिमीटर, वाम २५, कालव ५. पिल्लं बाजारात आली तर पुढच्या वर्षी मासा उरणार नाही, म्हणून सरकारने दगडात कोरून ठेवलेली मर्यादा. कोळणींनी तेव्हा कुरकुर केलीच असेल, आजचा नफा सोडायला कुणाला आवडतं? पण लॅगून टिकलं. समुद्र अडवण्यासाठी याच शहराने ७८ पोलादी झडपा उभारल्या, ऑक्टोबर २०२० मध्ये त्या पहिल्यांदा भरतीच्या वेळी उचलल्या गेल्या आणि संत मार्कचा चौक कोरडा राहिला. ज्यांना समुद्राला थांब म्हणता आलं, त्यांना भाड्याच्या घरांना थांब म्हणणं जमू नये?

आपल्यापुरतं बोलायचं, तर मराठी टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात व्हेनिस अर्ध्या दिवसाचं असतं. बोटीने यायचं, संत मार्कचा चौक, गोंडोला, काचेचा कारखाना, आणि रात्रीच्या वरणभाताला मुख्य भूमीवरच्या हॉटेलात परत. त्यांना हसणं आता मी सोडलं आहे. त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे की त्या अर्ध्या दिवसातला एक तास एखाद्या बाकारोला द्या, आणि ग्रँड कॅनॉल एकदा त्रागेत्तोने ओलांडा. ही रहिवाशांची वल्ह्यांची नाव, गोंडोलासारखीच, बाहेरच्या माणसाला दोन युरो. अशा नावा आता थोड्याच उरल्या आहेत.

आणि गोव्याचं काय? पणजीच्या फोंतेन्याशमध्ये लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना तिथल्या रहिवाशांनी पाट्या लावून थोपवायचा प्रयत्न केला, तेव्हा आपल्यातल्याच किती जणांना त्या पाट्या उर्मट वाटल्या. शनिवार-रविवारसाठी आसगावात किंवा शिवोलीत 'गोंयकारासारखं' राहायला जुनं घर शोधणारे आपणच. ते घर जुनं आहे म्हणजे तिथे कुणीतरी राहत होतं, हे मनात येत नाही, कारण जाहिरातीच्या फोटोत माणूस नसतो.

गेल्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला. ती ऑक्टोबरात व्हेनिसला जाते आहे. 'मावशी, तुमच्या त्या घराची लिंक पाठव ना, फोटो काय सुंदर होते!' लिंक पाठवली नाही. स्टेशनजवळ साधी हॉटेलं आहेत असं कळवलं, बाकारोंची नावं लिहून दिली, काउंटरशी उभं राहून खा आणि दहा-पंधरा मिनिटांत जागा मोकळी कर असं सांगितलं, रियाल्तोचा मासळी बाजार रविवार-सोमवार सोडून सकाळी गाठ म्हटलं. तिने विचारलं, हॉटेलात चूल नसते, मग बाजारात जाऊन मासळीचं करू काय? बरोबर आहे तिचं. मी लिहिलं, नुसती बघ, आणि शेजारी पिशवी घेऊन कुणी बाई उभी असेल तर तिला पुढे होऊ दे.